एक तास तीन मिनिटं

८ एप्रिल

मेहुण्याच्या ओळखीचे वकील म्हणाले, आजपासून काय काय घडतं ते तारीखवार लिहून ठेवा, डोक्यात काही राहत नाही. म्हणून ही वही आणली. एरवी मी सामानाची यादीसुद्धा फोनमध्ये लिहितो. स्वतःचं अक्षर बघून मलाच लाज वाटली.

अण्णा जाऊन पाच दिवस झाले. माझे वडील. सेंटरमध्ये गेले. वृद्धाश्रम म्हणायचं नाही, सेंटर म्हणायचं, हे बायकोने दोन वर्षांपूर्वी त्यांना तिथे ठेवलं तेव्हाच ठरवून टाकलं होतं, आणि मलाही ते बरंच वाटलं होतं. डॉक्टर म्हणतात हृदय थकलेलं होतं, आज ना उद्या हे व्हायचंच होतं. डॉक्टरांचं काय जातं म्हणायला.

तिथल्या व्यवस्थापक मॅडमनी मला त्यांच्या खोलीत बसवून स्क्रीन दाखवली. अण्णांनी बेल दाबली चार वाजून दहा मिनिटांनी, सिस्टर खोलीत आली चार तेराला, आणि पावणेपाचच्या सुमारास सगळं संपेपर्यंत ती त्यांच्याजवळ होती. तीन मिनिटांत आली म्हणे. आमच्या घरात दाराची बेल वाजली तर तीन मिनिटं आम्ही एकमेकांची तोंडं बघतो, कोण उठणार म्हणून.

स्क्रीन काय, रंगवावी तशी रंगते. मी वीस वर्षं हेच काम करतोय, मला शिकवू नका. सेंटरच्या सगळ्या नोंदी आमच्याच कंपनीच्या डेटाबेसमध्ये साठतात. त्या ओळखीवरच अण्णांना तिथे जागा मिळाली होती. पलंगाजवळची बेल दाबली की एक नोंद पडते, सिस्टरने खोलीत येऊन स्वतःच्या फोनवर बोट टेकवलं की दुसरी पडते. मूळ नोंद खोटं बोलत नाही. उद्या साहेबांना विचारून त्या काढतो.

९ एप्रिल

साहेब म्हणाले, "घरचं दुःख आहे, बघा काय बघायचं ते. फक्त कंपनीचं नाव कुठे येऊ देऊ नका."

नोंदी काढल्या. वकिलांना समजावं म्हणून सोपं करून लिहितो. आमच्या धंद्यात वेळ साठवताना गावोगावच्या घड्याळांप्रमाणे साठवत नाहीत. सगळ्या जगासाठी एकच वेळ धरतात, तिला यूटीसी म्हणतात. मायदेशातलं घड्याळ तिच्या साडेपाच तास पुढे असतं, आपलं इथलं एकच तास, आणि बारा महिने तेवढंच. नोंद वाचताना तो तास वाढवून घ्यायचा असतो, आणि तोही बोटं मोजून नाही, डेटाबेसला इथल्या वेळेचं नाव सांगितलं की तोच करून देतो. एका ओळीचं काम. मी झोपेत करीन.

बेल: तीन वाजून दहा. सिस्टर: चार वाजून तेरा.

एक तास आणि तीन मिनिटं. मॅडमनी वरचा तास खाल्ला आणि उरलेली तीन मिनिटं मला दाखवली. मी खुर्चीत मागे टेकून बसलो. बरं वाटलं असं म्हणणं शोभत नाही, पण छातीवरचं काहीतरी उतरल्यासारखं झालं, हे खरं.

आणखी एक गोष्ट नोंदवून ठेवतो. त्या दिवशी सकाळी मी अण्णांना म्हणालो होतो की चारला फोन करतो. मीटिंग लांबली आणि राहून गेलं. सहा दिवस ते मनाला खात होतं. पण तीन दहाला ते बेल दाबत होते आणि कुणी येत नव्हतं, म्हणजे चारला ते फोन घ्यायच्या स्थितीतच नसणार. मी केला असता तरी उपयोग झाला नसता. हे वकिलांना सांगायची गरज नाही, पण लिहून ठेवतो.

११ एप्रिल

सेंटरला गेलो. कागद मॅडमच्या टेबलावर ठेवला. त्यांनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. म्हणाल्या, "आमच्याकडे तर चार दहा दिसतंय." मी म्हणालो, "तुमच्याकडे काय दिसावं हे तुम्ही ठरवता. हे मूळ आहे."

त्यांनी सिस्टरला बोलावलं. चाळिशीची असेल, बुटकी, हात धुऊन तशीच ओल्या हातांनी आली. मला बघून आधी म्हणाली, "जेवलात का तुम्ही? अगदीच उतरलाय चेहरा." मी कागद तिच्याकडे सरकवला. या लोकांना गोड बोलायचं शिकवलेलं असतं.

मॅडमनी विचारलं तशी ती म्हणाली, "मी लगेच गेले होते. बेल वाजली तेव्हा शेजारच्याच खोलीत चादरी बदलत होते. अर्धवट टाकून गेले."

"एक तासाने," मी म्हणालो.

"नाही हो. मी होते त्यांच्याजवळ. विचारा ना."

"कुणाला विचारू? अण्णांना?"

तिने ओले हात कपड्यांना पुसले. मग कागदाकडे बघून म्हणाली, "मला यातलं काही कळत नाही. पण मी होते."

चोराच्या उलट्या बोंबा ऐकायला मला वेळ नव्हता. लेखी तक्रार देऊन आलो. एक प्रत त्या सिस्टरची नोंदणी ज्यांच्याकडे असते त्या परिषदेला. वकील म्हणतात, नोंदणी गेली तर तिला हे काम पुन्हा कुठेच करता येणार नाही. म्हटलं, अण्णा तरी पुन्हा कुठे येणार आहेत.

१२ एप्रिल

ताईचा फोन. ती दुसऱ्या देशात असते, रोज अण्णांना फोन करायची. तिचं नवीनच.

"छोट्या, तू त्या सिस्टरच्या मागे लागलायस असं ऐकलं. अरे, मी बोलले होते त्या दिवशी अण्णांशी. चांगले बोलत होते. तुमच्याकडे चारला पाच-सात मिनिटं कमी होती. मला म्हणाले, ठेव आता, छोट्या चारला फोन करणार आहे, लाइन अडकून राहायला नको."

"तेव्हा चार नव्हे, तीन वाजायला आले असतील, ताई. तुझ्याकडे आदल्याच आठवड्यात उन्हाळ्यासाठी घड्याळं तासभर पुढे केली, आमच्याकडे करत नाहीत. तू जुन्या हिशोबाने मोजलंस."

"मी रोज फोन करते रे. बोटांवर मोजून करते. कधी चुकले नाही."

"बोटांवर मोजतेस, म्हणूनच म्हणतोय."

पलीकडे तिने पुटपुटत पुन्हा मोजलं. मग म्हणाली, "बरं बाबा, तू त्यातला माणूस." आणि ठेवला. लहानपणापासून हिचं गणित कच्चं. अण्णाच शिकवायला बसायचे, आणि मी शेजारून उत्तरं सांगितली की मला ओरडायचे.

१५ एप्रिल

अण्णांची खोली रिकामी केली. दोन पेट्या झाल्या. त्यातली एक नुसती औषधं, मोजे आणि वर्तमानपत्रातली कापलेली शब्दकोडी. चष्मा टेबलावर, डबीत घडी करून ठेवलेला. फोन मात्र उशाखाली सापडला. चार्जर टेबलामागच्या भिंतीत, वायर आखूड, म्हणजे फोन एरवी टेबलावरच राहत असणार. उशाखाली कसा आला कुणास ठाऊक. खुर्ची पलंगाला अगदी चिकटवून ठेवली होती, इतकी की मला पेटी काढायला ती सरकवावी लागली. इतके दिवस झाले, साधी खुर्ची जागेवर ठेवायचं यांना सुचलं नाही. यावरूनच कळतं कसली शिस्त आहे ती.

शेजारच्या खोलीतले आजोबा दारात येऊन उभे राहिले. म्हणाले, "मुलगा ना तुम्ही? ते तुमच्याबद्दल फार बोलायचे." मी आभार मानले. पेट्या गाडीत ठेवल्या आणि मागचा आरसा झाकला गेला म्हणून पुन्हा उतरून नीट लावल्या.

१८ एप्रिल

शितावरून भाताची परीक्षा म्हणतात, पण वकील म्हणाले एका शितावर निकाल लागत नाही. म्हणून आज सगळं भांडंच उलटं केलं. वर्षभरातल्या सगळ्या खोल्यांच्या सगळ्या बेल्स काढल्या आणि त्यापुढे सिस्टर कधी पोचली ते लावलं.

यादी वरपासून खालपर्यंत वाचली. एकही बेल तासाच्या आत ऐकलेली नाही. एक तास दोन मिनिटं, एक तास पाच, एक तास चार. सकाळ असो, दुपार असो, कुठलीही सिस्टर असो. वर्षभर. हे दुर्लक्ष नाही, ही पद्धत आहे. म्हातारी माणसं बेल दाबून तासन्‌तास पडून राहतात आणि यांच्या स्क्रीनवर सगळं झकास.

बायकोला दाखवलं. ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "सगळ्यांनाच बरोबर एक तास? कुणाला अर्धा नाही, कुणाला दोन नाही?"

"एकाच माळेचे मणी आहेत सगळे."

"तसं नाही रे. आळशी माणूस इतका नेमाने आळस करत नाही."

मी कागद उचलून दुसऱ्या खोलीत आलो. हिला प्रत्येक गोष्टीत विनोद सुचतो. तिच्या वडिलांच्या वेळी मी विनोद केले नव्हते. संध्याकाळी सगळं मॅडमना आणि परिषदेला पाठवून दिलं.

१९ एप्रिल

सिस्टरला कामावरून बाजूला केलं. चौकशी सहा मे रोजी. मॅडम फोनवर म्हणाल्या, "तुम्ही कंपनीचे माणूस, तुम्ही म्हणता तर तसंच असेल." हे आधी म्हणाल्या असत्या तर एवढं झालं नसतं.

दुपारी मस्त झोप लागली. अण्णा गेल्यापासून पहिल्यांदा.

२७ एप्रिल

आठवडाभर लिहिण्यासारखं काही नाही. ताई फोन करत नाही. मीही केला नाही. बायको जेवायला वाढते आणि इतर विषयांवर बोलते. ऑफिसात सगळे हळू आवाजात विचारतात, काय झालं पुढे. मी सांगतो. सांगताना दरवेळी तो तास जरा मोठा होतो, असं माझ्याच लक्षात आलं. काल मी एकाला म्हणालो, "ते बेल दाबत होते, दाबत होते." नोंद तर एकदाच दाबल्याची आहे.

३० एप्रिल

वकिलांनी सुचवलं, तुमचा स्वतःचा अनुभव जोडा. तुम्ही तिथे बसलेले असताना बेल दाबली आणि कुणी आलं नाही असं कधी झालं का? मी म्हणालो, झालंच असेल. घरी येऊन कच्चा मजकूर लिहिला: 'दिनांक अमुक रोजी मी स्वतः खोलीत उपस्थित असताना बराच वेळ कुणीही आले नाही.' तारखेची जागा मोकळी ठेवली.

तारीख शोधायला वेळ लागला नाही. अण्णा असताना शेवटच्या सहा महिन्यांत मी एकदाच गेलो होतो, वीस जानेवारीला, अण्णांच्या वाढदिवसाला. आता हे लिहिताना वाईट दिसतंय. तेव्हा प्रत्येक वेळी काही ना काही कारण होतंच, आणि खरंच होतं.

त्या दिवशी बेल मी दाबली होती. त्यांना पाणी हवं होतं, जग रिकामा होता. नोंद काढली. बेल: एक वाजून चार. सिस्टर: दोन वाजून पाच. बघा, म्हटलं, हातच्या काकणाला आरसा कशाला. जोडायला घेतलं.

आणि मग हात थांबला. वीस जानेवारीला एक वाजून चार मिनिटांनी मी ऑफिसात होतो. त्या दिवशीच्या मीटिंगमध्ये मीच बोलत होतो, दीड वाजता संपली, वाढदिवसाला उशीर झाला म्हणून गाडी कशीबशी लावून धावत जिना चढलो होतो. एक चारला मी ती बेल दाबूच शकत नाही.

आणि कुणी आलं नाही असंही नाही. मला आता सगळं स्वच्छ आठवलं. माझं बोट बेलवर होतं तोवर दार उघडलं होतं. हीच सिस्टर. अण्णा म्हणाले होते, "बघ, तुझ्यापेक्षा लवकर येते." आणि आम्ही तिघंही हसलो होतो.

१ मे

ऑफिसला सुट्टी सांगितली. घरी बसून मूळ तक्ता उघडला.

चूक सापडली. इतकी साधी, की नवशिक्याला मी याच्यासाठी फाडून खाल्लं असतं. बेलच्या नोंदीवर ती वेळ कुठली आहे याचा शिक्काच नाही. नुसते आकडे आहेत. मी डेटाबेसला म्हणालो, याची इथली वेळ दे. त्याला वाटलं, ही आधीच इथली आहे. त्याने आहेत तेच आकडे मला परत दिले आणि मी ते बदललेले समजलो. सिस्टरच्या फोनवरची नोंद मात्र शिक्क्यासकट येते, ती बरोबर बदलली. म्हणून एक वेळ यूटीसीची, एक इथली, आणि मध्ये एक तास. प्रत्येक बेलला. वर्षभर.

आधी सांगायचं की ही वेळ कुठली आहे. मग विचारायचं की इथली किती. दोन पायऱ्या आहेत, मी एकच चढलो. ती दुसरी लिहायला अर्धं मिनिट लागलं.

तीन मिनिटं. दोन मिनिटं. पाच. चार. एका बेलला अकरा मिनिटं लागलीत, बाकी सगळ्या त्याच्या आत. मॅडमची स्क्रीन पहिल्या दिवसापासून खरी होती. आळशी माणूस इतका नेमाने आळस करत नाही, हे ज्या बाईने भाजी निवडताना ओळखलं, तिला मी उत्तरही दिलं नव्हतं.

बेल: चार वाजून दहा. सिस्टर: चार वाजून तेरा.

चार वाजून दहा.

ताईचं गणित बरोबर होतं. म्हणजे तिच्याशी बोलून, लाइन मोकळी करून त्यांनी फोन ठेवला तेव्हा चार वाजायचे होते. म्हणजे चारला ते चांगले होते. यापुढचं आज लिहवत नाही.

२ मे

लिहितो. वकिलांसाठी नाही.

मीटिंग लांबली नव्हती. चारच्या आधीच संपली होती. मी खाली चहा पीत उभा होतो आणि फोन हातातच होता. अण्णांचा फोन म्हणजे अर्धा तास. गुडघा, शब्दकोडं, जेवणात मीठ कमी, ताई काय म्हणाली. म्हटलं, चहा होऊ दे. मग म्हटलं, घरी जाऊन निवांत करू. एवढंच. काही मोठं कारण नव्हतं.

तीन दहाची बेल मला सोयीची होती. मी ती इतक्या चटकन उचलली, तपासलीसुद्धा नाही. दुसऱ्या कुणाचं काम असतं तर शंभर प्रश्न विचारले असते.

बायकोला सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "त्या बाईचं काय?"

३ मे

खरं सांगायचं तर आज दिवसभर मी दुसराच विचार करत होतो. हे माझ्याशिवाय कुणालाही कळणार नाही. मॅडमना कळत नाही, वकिलांना कळत नाही, परिषदेत डेटाबेस जाणणारं कुणी नसणार. सहा तारखेला मी काही न बोलता नुसता बसून राहिलो तरी निकाल लागेल. आणि अण्णा तासभर बेल दाबत राहिले, हे कायमचं खरं होऊन बसेल. सगळ्यांसाठी. हळूहळू माझ्यासाठीही.

तसं झालं तर दोष तिचा राहील. ती गरीब दिसते, पण दुसरं काही काम मिळेल तिला. असा सगळा विचार मी केला. व्यवस्थित, पायरी पायरीने.

मग तो कागद पुन्हा बघितला. माझ्या हिशोबाने अण्णांचा शेवटचा तास एकट्याने, बेल दाबत, दाराकडे बघत गेला होता. मी त्यांना तो तास दिला होता. स्वतःला वाचवायला मी माझ्या बापाला एकटं मारलं होतं. ती बाई दोनदा म्हणाली, मी होते. आणि मला ते नको होतं.

संध्याकाळी मॅडमना, परिषदेला आणि वकिलांना पत्र पाठवलं. चूक माझी, दोन्ही वेळा शेजारी शेजारी लावून, का झाली तेही. वकिलांनी लगेच फोन करून विचारलं, "अहो, जिंकत आलेली केस ही. कुणी दबाव आणला का?"

साहेबांनाही प्रत दिली. ते म्हणाले, "मी तुम्हाला म्हणालो होतो, कंपनीचं नाव येऊ देऊ नका." मग जरा वेळाने, "ही नोंदींची कामं काही दिवस दुसऱ्याकडे देऊ या." वीस वर्षांत पहिल्यांदा मला ते पटलं.

६ मे

चौकशी दहा मिनिटांत संपली. लांबट टेबल, पाण्याच्या बाटल्या, तीन माणसं. मी उभा राहून सांगितलं. त्यातल्या एका बाईंनी विचारलं, "म्हणजे घड्याळ चुकीचं होतं?" मी म्हणालो, "नाही, घड्याळ बरोबर होतं. मी चुकीचं वाचलं." सिस्टरवरचे सगळे आरोप मागे.

ती आली नव्हती. मॅडम म्हणाल्या, परत बोलावलं होतं, नाही म्हणाली. कुणाच्या तरी घरी आजारी बाईंना सांभाळते आता.

ताईला फोन लावायला घेतला. काय बोलायचं ते ठरेना, ठेवून दिला.

१४ मे

आज भेटलो. मॅडमकडून पत्ता काढला होता. घराजवळच्या बागेत ती आजीबाईंना चाकाच्या खुर्चीतून फिरवत होती. मला बघून थांबली, खुर्चीचा ब्रेक लावला, आजीबाईंची शाल नीट केली आणि मग बाकावर बसली. मी उभाच.

मी माफी मागितली. काय काय बोललो ते आठवत नाही, पाठ करून आलेलं सगळं विसरलो. ती म्हणाली, "मॅडमनी सांगितलं मला. तुम्ही स्वतःहून कळवलंत."

"तुम्ही परत का नाही गेलात? नाव तर स्वच्छ झालं."

"तिथे आता सगळ्याजणी खोलीत शिरल्या की आधी फोनवर बोट टेकवतात. मग माणसाकडे बघतात. तुमच्या त्या कागदानंतर तसं झालंय. घाबरल्यात बिचाऱ्या. मला तसं नाही जमायचं."

खाली बघत राहिलो. मग जे विचारायला आलो होतो ते विचारलं. "अण्णांनी बेल कशाला वाजवली होती?"

"फोन हवा होता त्यांना, चारला तुमचा येणार होता म्हणाले. टेबलावर चार्जिंगला होता, हात पोचत नव्हता. मी काढून हातात दिला. तेवढ्यात म्हणाले, छातीत जड वाटतंय. डॉक्टरांना कळवलं, त्यांना आडवं केलं, चष्मा काढून ठेवला. मग खुर्ची ओढून बसले. हात धरून ठेवला होता माझा. दुसऱ्या हातात फोन."

"फार त्रास झाला?"

"नाही. दमल्यासारखे झाले होते."

"काही बोलले?"

ती आजीबाईंकडे बघत राहिली. "वाजले किती, एवढंच विचारत होते. चष्मा नव्हता, भिंतीवरचं घड्याळ दिसेना त्यांना."

"मग?"

"मी म्हणाले, अजून चार वाजायचेत."

मला आधी समजलंच नाही. मी म्हणालो, "तेव्हा तर साडेचार झाले असतील."

"हो," ती म्हणाली. "दोन-तीनदा विचारलं. दरवेळी मी तेच सांगितलं. शेवटी म्हणाले, मग ठीक आहे, येईल त्याचा. आणि फोन उशाखाली सरकवला, वाजला की हाताला लागावा म्हणून. त्यानंतर नाही बोलले."

मी तिच्या शेजारी बाकावर बसलो आणि रडलो. लहान मुलासारखा, नाक वाहेपर्यंत. तिने काही समजूत घातली नाही. आजीबाईंनी मात्र विचारलं, "कोण गं हे?" ती म्हणाली, "ओळखीचे आहेत."

घरी येऊन ताईला फोन केला. आधी तिच्याकडे किती वाजले असतील ते बोटांवर मोजलं, दोनदा. तिने पहिल्याच रिंगला उचलला. तिला सगळं सांगितलं, चहाचंसुद्धा. सांगून झालं तरी फोन ठेवला नाही तिने, मीही ठेवला नाही.

वकील म्हणाले होते, डोक्यात काही राहत नाही. हे राहील. वही इथेच बंद करतो.